वशिला, हक्क आणि ऑलिंपिकची जागा

दिंडोशीला मेट्रोत बसले की पुढचे स्टेशन कुरार आणि त्यापुढचे आकुर्ली. आकुर्ली रस्त्यावर भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे मोठे केंद्र आहे. सकाळच्या वेळी पाठीवर पिशवी, कानांचा आकार बदललेला आणि मान जाड अशी मुले त्या बाजूला दिसली, की ती पैलवान आहेत हे सांगावे लागत नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगाही असाच कुस्ती खेळायचा. काही वर्षांपूर्वी एका संघाच्या निवडीत त्याचे नाव आले नाही. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, एवढंच सांगा, मी कमी पडलो की माझं नाव कमी पडलं?"

मी कविता लिहिणारा माणूस. शब्दांवर पोट नसले तरी जीव आहे. पण त्या दिवशी मला एकही शब्द सुचला नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधत मी खेळांच्या जुन्या हकिकती वाचू लागलो आणि मग लक्षात आले, की हा प्रश्न आमच्या गल्लीत जन्मलेला नाही.

आपल्याकडे ज्याचा फारसा संबंध येत नाही, त्या फिगर स्केटिंगपासून सुरुवात करू. बर्फावरचे हे नृत्य. त्यात ऑलिंपिकची जागा आधी खेळाडूला मिळत नाही, देशाला मिळते. ढोबळ हिशेब असा, की आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत देशाच्या दोन खेळाडूंच्या क्रमांकांची बेरीज १३ किंवा त्याहून कमी भरली तर तीन जागा, २८ पर्यंत भरली तर दोन. त्या जागांवर कोणाला पाठवायचे, हे देशाने ठरवायचे. १९९४ साली अमेरिकेकडे महिलांच्या दोन जागा होत्या. राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर नॅन्सी केरिगनच्या पायावर हल्ला झाला आणि तिला खेळताच आले नाही. टोन्या हार्डिंग पहिली आली. तेरा वर्षांची मिशेल क्वान दुसरी आली. तरीही संघात नाव लागले ते हार्डिंगचे आणि केरिगनचे. क्वान राखीव राहिली. केरिगनने लिलेहामरला रौप्यपदक मिळवले, म्हणून तो निर्णय शहाणपणाचा ठरला. पण पदक मिळाले म्हणून निर्णय न्याय्य होता, असे म्हणता येते का? ती घसरून पडली असती, तर तोच निर्णय अन्यायाचा ठरला असता का?

आता आपल्या मातीत येऊ. कराडजवळचे गोळेश्वर हे खाशाबा दादासाहेब जाधवांचे गाव. १९२६ चा जन्म. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले. तोवर मातीत खेळलेला हा पैलवान तिथल्या गादीवर सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीची तयारी सुरू झाली. त्या काळी आजच्यासारख्या जागतिक पात्रता फेऱ्या नव्हत्या. देश ज्याला पाठवील, तो खेळेल. म्हणजे सगळा न्याय आणि सगळा अन्याय घरातच व्हायचा. खाशाबांचे म्हणणे असे होते, की मद्रासच्या स्पर्धेत त्यांना मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला आणि त्यांचे नाव मागे पडले. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. यादवेंद्रसिंग हे त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षही होते. त्यांनी पुन्हा चाचणीची संधी दिली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले.

चाचणी जिंकली, पण प्रवासाचे पैसे कुठून आणायचे? राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावाने वर्गणी काढली. जुलै १९५२ मध्ये बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीकडून ते हरले. त्या दमवणाऱ्या कुस्तीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममेदबेकोवसमोर उभे करण्यात आले. नियमाने मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. हाती आले ते कांस्यपदक. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, लिएंडर पेसपर्यंत, थांबावे लागले.

या हकिकतीत मला दोन गोष्टी खुपतात. मद्रासला दाद मागण्याची सोय नव्हती, म्हणून महाराजापर्यंत जावे लागले. हेलसिंकीला नियम होता, पण तो बोलून दाखवणारा माणूस नव्हता. महाराज भला निघाला, हे आपले नशीब. पण ज्याच्या हाती अर्ज पडला त्याच्या भलेपणावर जो न्याय अवलंबून असतो, तो न्याय नव्हे, ती मेहेरबानी. मद्रासहून घरी परतलेले आणि कुणाला अर्ज करायचा हेच न कळलेले इतर किती असतील? त्यांची नावे कुठल्याच पुस्तकात नाहीत.

त्यानंतर काळ बदलला. पात्रता फेऱ्या आल्या. कुस्तीत एका वजनगटात देशाला एकच जागा. सप्टेंबर २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत नरसिंग यादवने ७४ किलो गटात कांस्यपदक जिंकले आणि भारतासाठी रिओची जागा मिळवली. नरसिंग आपल्या मुंबईचा, याच कांदिवलीच्या केंद्रात घडलेला, २०११ पासून लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी. पण त्याच गटात सुशीलकुमार होता. २००८ चे कांस्य आणि २०१२ चे रौप्य मिळवलेला. दुखापतीमुळे तो त्या फेरीत उतरला नव्हता. तो म्हणाला, चाचणी घ्या, जो जिंकेल तो जाईल. नरसिंगची बाजू अशी, की जागा मी घाम गाळून आणली, आता पुन्हा परीक्षा कशाची?

मंडळी, दोघांचेही खरे होते. म्हणूनच हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ६ जून २०१६ रोजी न्यायालयाने सुशीलकुमारची याचिका फेटाळली. खेळाडू निवडणे हे महासंघाचे काम, त्यात न्यायालयाने किती शिरावे, हा मुद्दा होता. शिवाय ऑलिंपिक तोंडावर आले असताना चाचणी घेतली, तर जाणाऱ्याच्या तयारीवर परिणाम होईल, हाही होता. पुढे काय झाले, ते आपल्याला ठाऊक आहे. उत्तेजक चाचणीत नरसिंग दोषी आढळला. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळले, असे तो म्हणाला. देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याला निर्दोष ठरवले. पण १८ ऑगस्टला, रिओतल्या त्याच्या कुस्तीच्या तोंडावर, क्रीडा लवादाने ते म्हणणे फेटाळून त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. मॅटवर ना नरसिंग उतरला ना सुशीलकुमार. ७४ किलोची ती जागा रिकामी राहिली.

नेमबाजीने वेगळी वाट धरली. तिथे नियम असा, की जागा देशाची. २०२२ साली कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील अठराव्या वर्षी दहा मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला आणि त्याने पॅरिसची जागा आणली. तरी २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्ली आणि भोपाळला चार चाचण्या झाल्या, त्यात तो मागे पडला आणि पॅरिसला संदीप सिंग गेला. संदीपला अंतिम फेरी गाठता आली नाही. लगेच आपल्याकडे हळहळ सुरू झाली, की रुद्रांक्षला पाठवायला हवे होते. पण त्याच नियमाची दुसरी बाजू बघा. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे कैरोला चौथा आला होता. जागा त्यानेही मिळवलेली. त्यालाही याच चाचण्यांतून जावे लागले. तो टिकला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्य जिंकले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे वैयक्तिक पदक. एकाच चाळणीने एकाला थांबवले आणि दुसऱ्याला पुढे सोडले. चाळणी तीच होती.

जागा कमावणाऱ्याची की देशाची, याचे एक कायमचे उत्तर माझ्याकडे नाही. कमावणाऱ्याची म्हटली, तर दुखापतीतून उठलेल्याचे दार बंद होते. देशाची म्हटली, तर जगज्जेता घरी बसतो. कुठलीही पद्धत घ्या, कुणीतरी रडणारच. जागा एक आणि उमेदवार दोन असले की एवढे अश्रू अटळ असतात. मात्र रुद्रांक्षला चाचणीआधी माहीत होते, की चाचणी आहे, किती फेऱ्या आहेत आणि गुण कसे धरणार. २०१६ चे भांडण पेटले, कारण कुस्तीत 'जागा आणणाराच जाणार' ही चाल होती, पण सगळ्यांनी आधीपासून मान्य केलेला पक्का कागद नव्हता. चालीवर वाद होतो. कागदावरही होतो, पण तो लवकर मिटतो.

या निमित्ताने दोन शब्द आठवले. 'वशिला' हा मराठीतला बदनाम शब्द. पण मी तो पहिल्यांदा घरात, वडिलांच्या दुआमध्ये ऐकला. अरबीत 'वसीला' म्हणजे जवळ पोहोचण्याचे साधन. देवाजवळ नेणारा मार्ग. आपल्या कचेऱ्यांत आणि निवड समित्यांत फिरता फिरता या बिचाऱ्या शब्दाची काय गत झाली! दुसरा शब्द 'हक्क'. तोही तिकडचाच. मूळ अर्थ दोन, हक्क आणि सत्य. म्हणजे जे खरे आहे, तेच तुझे आहे. नियम भिंतीवर लावलेला नसला, की माणूस हक्काकडून वशिल्याकडे वळतो. खाशाबांसारख्या वाघालाही हक्काच्या जागेसाठी महाराजांचा दरवाजा ठोठवावा लागला, यात सगळे आले.

त्या मुलाला मी उशिराच उत्तर दिले. म्हटले, "बाळा, तू कमी पडलास की तुझं नाव, हे मला सांगता येत नाही. पण ते तुला स्वतःला कळायला हवं होतं. गुण किती, अट काय, तक्रार कुठे करायची, हे आधी सांगितलं असतं, तर तू माझ्याकडे आलाच नसतास." तो थोडा वेळ बसला. मग म्हणाला, "म्हणजे हरलो, तर हरलो हे तरी कळलं असतं."

एवढेच मागणे आहे. जिंकण्याची हमी कुणीच मागत नाही. पोराला स्वच्छ हरता आले पाहिजे. जो स्वच्छ हरतो, तो दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तालमीत जातो. ज्याला आपण का हरलो हेच कळत नाही, तो घरी बसतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)