भोवताल विसरतो, हे कुणी ठरवलं?

नागपूरच्या जरीपटक्यात मी पदार्थविज्ञानाच्या शिकवण्या घेतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या आमच्या या वस्तीत मे महिन्यात रात्री अकराला भिंतीला हात लावा. दिवसभर प्यायलेलं ऊन ती परत देत असते. एम.एस्सी.च्या मुलांना क्वांटम प्रणालीची ‘स्मृती’ मी याच भिंतीवरून समजावतो. अणू कधी एकटा नसतो, भोवतालाशी त्याची देवाणघेवाण चालू असते. भोवतालात गेलेली माहिती कधीच परतली नाही, तर भोवताल विसराळू. थोडी जरी परतली, तरी त्याला स्मृती आहे.

मुलांना वाटतं, स्मृतीचा विचार अलीकडचा. खरं तर हिशेबात ती आधी होती. १९५८ साली नाकाजिमा आणि १९६० साली झ्वांझिग यांनी मांडलेल्या समीकरणात प्रणालीचा आत्ताचा बदल तिच्या आधीच्या अवस्थांवरही अवलंबून असतो. पण ते सोडवणं महाकठीण. म्हणून भोवताल चटकन विसरतो असं धरायचं, ही सोय रूढ झाली.

त्या सोयीला नेटकं गणिती रूप देणाऱ्यांत एक जण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेला होता. मूळचे केरळचे इ. सी. जी. सुदर्शन १९५२ ते १९५५ तिथे होते. मग ते अमेरिकेला गेले. १९७६ साली गोरिनी आणि कोसाकोव्स्की यांच्यासह त्यांनी स्मृतिहीन प्रणालीचं समीकरण सिद्ध केलं. त्याच वर्षी स्वीडनच्या लिंडब्लाड यांनीही ते स्वतंत्रपणे मांडलं. लेसरच्या अभ्यासात ते उत्तम चाललं, कारण तिथे भोवताल खरोखरच झटकन विसरतो.

पण १९७७ मध्ये याच सुदर्शननी बैद्यनाथ मिश्रांसोबत दाखवलं, की अस्थिर कणाचं सतत निरीक्षण केलं तर त्याचा ऱ्हासच थांबतो. स्मृतिहीन नियम अगदी सुरुवातीच्या क्षणांनाही लागू असता, तर हे घडलंच नसतं. म्हणजे त्या नियमाची मर्यादा त्याच्याच एका जनकाने वर्षभरात दाखवली.

स्मृती मोजण्याची कसोटी मात्र २००९ साली ब्रॉयर, लाइने आणि पीलो यांनी दिली. दोन अवस्थांमधला फरक भोवतालामुळे पुसट होत जातो; तो मध्येच वाढला, तर माहिती परतली. २०११ मध्ये फोटॉनवरच्या प्रयोगात ते दिसलंही.

आज क्वांटम संगणकाच्या चुका समजून घ्यायला हा हिशेब लागतो. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे : १९७६ आधी आणि १९५८ नंतर, असं शिकवू नका.