नितळ पाण्याचें ओझें

पावसाचें गढूळ पाणी शेतांतून वाहूं लागलें, कीं माती वाहून चालल्याचें कोणाच्याहि लक्षांत येतें. परंतु त्याच पाण्यांत विरघळून जाणारीं द्रव्यें डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणूनच त्यांचा हिशेब मांडावयास शास्त्रज्ञांस फार काळ लागला.

इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट या जोडीनें १८४३ सालीं गव्हावर खतांचे प्रयोग सुरू केले. १८४९ मध्यें त्या शेताखालीं निचऱ्याचे नळ घालण्यांत आले. पुढें या नळांतून निथळणाऱ्या पाण्याचें पृथक्करण व्होल्कर व फ्रँकलंड या रसायनज्ञांनीं केलें, तेव्हां पिकासाठीं घातलेल्या नत्राचा बराच भाग नायट्रेटच्या रूपानें पाण्याबरोबर निघून जातो, असें दिसून आलें.

तथापि मुरून झिरपणारें पाणी निराळें व उतारावरून वाहणारें निराळें. पाणी वाहूं केव्हां लागतें, या प्रश्नाचा उलगडा अमेरिकन जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यानें १९३३ सालीं केला. पाणी शोषण्याची जमिनीची शक्ति पावसाच्या आरंभीं अधिक असते व पुढें घटत घटत स्थिर होते. पावसाचा वेग त्या शक्तीहून अधिक झाला, कीं उरलेलें पाणी उतारावरून वाहूं लागतें. हा नियम गणितांत मांडतां आल्यामुळें वाहत्या पाण्याचा अंदाज बांधणें शक्य झालें.

आतां त्या पाण्यांत किती द्रव्य विरघळेल, हा प्रश्न उरला. पावसाचे थेंब आपटून माती ढवळली जाते व वरच्या पातळ थरांतील द्रव्य वाहत्या पाण्यांत मिसळतें. १९८० सालीं अमेरिकेच्या कृषिखात्यानें प्रसिद्ध केलेल्या ‘क्रीम्स’ नांवाच्या गणिती प्रतिकृतींत हा थर एक सेंटिमीटर जाडीचा धरला होता. पुढील वर्षीं अहुजा, शार्प्ली व त्यांचे सहकारी यांनीं किरणोत्सर्गी स्फुरद वापरून प्रयोग केले. पृष्ठभागाचा वाटा सर्वांत मोठा असून खोलीबरोबर तो झपाट्यानें घटतो, असें त्यांत आढळलें.

या पातळ थराचें महत्त्व ईरी सरोवराच्या कांठीं प्रत्ययास आलें. शेवाळानें ग्रासलेलें तें सरोवर वांचविण्यासाठीं अमेरिका व कॅनडा यांनीं १९७२ सालीं करार केला व शहरांच्या सांडपाण्यांतील स्फुरद पुष्कळ कमी केलें. धूप थांबावी म्हणून शेतकऱ्यांनींहि नांगरट कमी केली. सरोवर सुधारलें; परंतु १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून मॉमी नदींतून येणारें विरघळलेलें स्फुरद पुन्हां वाढूं लागलें. त्याचीं कारणें अनेक आहेत. नांगर न फिरल्यानें वर फेंकलेलें खत वरच्याच थरांत सांचून राहतें, हें त्यांतील एक मानलें जातें. निचऱ्याचे नळहि तें वाहून नेण्यास हातभार लावतात.

ऑगस्ट २०१४ मध्यें टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यांत शेवाळाचें विष आढळलें. चार लाखांहून अधिक लोकांस सुमारें तीन दिवस तें पाणी पिण्याची मनाई झाली. उकळल्यानें विष नाहींसें होत नाहीं, उलट दाट होतें, असाहि इशारा देण्यांत आला.

माती धरून ठेवण्याचा उपाय चुकीचा नव्हता, अपुरा होता. उतारावरचें पाणी नितळ झालें तरी खत केव्हां, किती व किती खोल घातलें, याचा हिशेब ठेवावाच लागतो.