कासेर्ताचा कागदी प्रासाद

रोमच्या संत पेत्र महामंदिराचा तडकलेला घुमट लोखंडी कड्यांनी सावरणारा वास्तुशिल्पी लुइजी वानवितेल्ली याचे नाव आम्ही आदराने घेतो. नेपल्सचा राजा चार्ल्स याच्यासाठी त्याने कासेर्ता येथे १२०० दालनांचा प्रासाद योजिला. २० जानेवारी १७५२ रोजी कोनशिला बसली. १७५६ साली त्याने आराखड्यांची १४ ताम्रमुद्रित चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यांतील छेदचित्रे आम्हांस विशेष मोहवितात. जणू फळ उभे चिरावे तशी इमारत कापलेली. भिंतींची जाडी, कमानी, मजल्यांवर मजले एका दृष्टिक्षेपात उघडे! प्रत्यक्ष वाड्यात उभ्या राहिलेल्या राजासही हे दृश्य लाभणे नव्हते.

किंबहुना त्यास वाडाही लाभला नाही. १७५९ मध्ये चार्ल्स स्पेनच्या गादीवर गेला. १७७३ मध्ये वानवितेल्ली निवर्तला. पुत्र कार्लोने काम पुढे नेले; परंतु योजिलेला मधला घुमट व कोपऱ्यांचे चार मनोरे झालेच नाहीत. ते केवळ कागदावर उभे आहेत.

या बांधकामावर बंदिवान आणि गुलामही राबले. भिंती चिरून अंतरंग दाखविणाऱ्या छेदचित्रांत त्यांचे घामेजलेले हात मात्र कोठेच नाहीत. वैभवाचा इतिहास वाचताना ते हात शोधणे, हे आम्ही आपले कर्तव्य मानतो.