क्लाउड संगणन
स्वतःचे सर्व्हर विकत न घेता संगणनशक्ती, साठवण आणि सॉफ्टवेअर इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याच्या पद्धतीस क्लाउड संगणन किंवा मेघ संगणन असे म्हणतात. नाव आकाशातले असले, तरी विदा जमिनीवरील विदा केंद्रांतच असते.

१९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झालेल्या सेल्सफोर्सने ग्राहकसंबंध व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर ब्राउझरमधून, वर्गणी तत्त्वावर दिले. ॲमेझॉनने २००६ मध्ये एस३ ही साठवण सेवा व ईसी२ ही संगणन सेवा सुरू केली. २०१६ पासून तिच्या सेवा मुंबईतील विदा केंद्रांतूनही मिळतात.

या पद्धतीत भांडवली खर्चाची जागा मासिक देयकाने घेतली. लहान उद्योगांना ती सोयीची ठरली. मात्र वापर मोठा व स्थिर असल्यास भाडे मालकीपेक्षा महाग पडू शकते. बेसकँप बनविणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडून स्वतःच्या सर्व्हरवर परतण्याचा निर्णय जाहीर केला.

याहून गंभीर प्रश्न पुरवठादारावरील अवलंबित्वाचा आहे. एकाच पुरवठादाराच्या खास डेटाबेसवर रचलेली प्रणाली दुसरीकडे नेताना बरीचशी नव्याने लिहावी लागते; शिवाय विदा बाहेर नेण्यावर सामान्यतः वेगळे शुल्क असते. १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या विदा अधिनियमानुसार पुरवठादार बदलणाऱ्या ग्राहकाकडून १२ जानेवारी २०२७ पासून असे शुल्क घेता येणार नाही. प्रणालीच्या पुनर्लेखनाचा खर्च मात्र ग्राहकाकडेच राहतो.