हूल केव्हा द्यावी?

हूल देणं ही आम्हा कारकुनांची रोजची विद्या. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे निर्विकार चेहऱ्यानं म्हणता आलं की नोकरी पक्की झाली समजावं. पण या विद्येचं सुवर्णपान लिहिलं गेलं ते २००३ साली, लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशू जुगारखान्यात.

पोकरची विश्वस्पर्धा. खेळाडू ८३९, प्रवेश फी १०,००० डॉलर. त्यात टेनेसीचा एक हिशेबनीस, म्हणजे आमच्याच जातकुळीतला, इंटरनेटवर ८६ डॉलरची पात्रता फेरी जिंकून आलेला. नाव क्रिस मनीमेकर. (आडनाव खरंच हेच हो! आमच्या काउंटरवर असा अर्ज आला असता तर दोनदा पडताळला असता.) शेवटी उरले दोघे. समोर सॅमी फरहा, मुरलेला धंदेवाईक, ओठांत न पेटवलेली सिगरेट.

पोकरात प्रत्येकाच्या हाती दोन झाकली पानं असतात. मग टेबलावर तीन उघडतात, तो फ्लॉप. आपल्याकडे फ्लॉप म्हणजे पडलेला सिनेमा. तिथे खरा सिनेमा त्यानंतरच सुरू होतो. इस्पिकची नव्वी नि छक्की आणि चौकट दुर्री पडली. फरहाची नव्व्यांची जोडी जमली. मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती, म्हणजे शंख! नवशिका इथेच हूल देतो. हा गप्प बसला. चौथं पान आलं इस्पिक अठ्ठी. आता आणखी एक इस्पिक, नाहीतर कुठलीही पंजी किंवा दश्शी आली की काम फत्ते. फरहानं ३ लाखांच्या चिप्स लावल्या, यानं त्या ८ लाख केल्या. बँकेच्या भाषेत, ही तारण असलेली थाप. फरहानं तेवढ्याच लावल्या.

पाचवं पान बदाम तिर्री. तारण बुडालं! तरी यानं सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. कारण टेबलावर तीन इस्पिकं होती, मागच्या ८ लाखांशी गोष्ट जुळत होती आणि ऐकणारा हिशेब करणारा होता. अडाण्याला हूल कळतच नाही, तो पैसे लावून मोकळा होतो.

फरहानं विचारलंसुद्धा, तुझा रंग हुकला वाटतं? अगदी अचूक ओळखलं होतं. पण नव्व्यांच्या जोडीवर सर्वस्व लावायचं धाडस होईना. त्यानं पानं टाकली. माणूस हरतो तो कधी कधी न कळल्यामुळे नव्हे, कळलेल्यावर विश्वास न बसल्यामुळे.

मनीमेकरनं २५ लाख डॉलर नेले. पुढच्या वर्षी खेळायला २,५७६ जण हजर. हूल दिली एकाला, हुरळले हजारो!