कौटुंबिक हिंसाचार : प्रथम संपर्कातील सेवकांची कर्तव्ये

तेलंगणाच्या उत्तर टोकाला असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी व उर्दू या भाषा बोलल्या जातात. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील मराठी कुटुंबांत रोटीबेटीव्यवहार चालत आला आहे. त्यामुळे घरात छळ सोसणाऱ्या स्त्रीपुढे येथे दोन विशेष अडचणी उभ्या राहतात : भाषेची आणि राज्यसीमेची. त्या दूर करण्याची पहिली संधी आशा कार्यकर्ती, परिचारिका, डॉक्टर, अंगणवाडी सेविका व पोलीस यांना मिळते.

२६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार (२००५) शारीरिक मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक, मानसिक व आर्थिक छळ हाही हिंसाचारच होय. वारंवार होणाऱ्या दुखापती, सांगितलेल्या कारणाशी न जुळणारी जखम, उपचारास झालेला विलंब, विषप्राशन, गरोदरपणातील इजा आणि सोबतच्या नातेवाइकाने स्त्रीला बोलूच न देणे, ही त्याची लक्षणे असू शकतात.

अशा वेळी स्त्रीशी एकांतात बोलावे. तिची भाषा येत नसेल, तर पती वा सासू यांना दुभाषी करू नये. तिची भाषा जाणणाऱ्या महिला कर्मचाऱ्याची मदत घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाचा गाभाही हाच आहे : दोष न देता ऐकावे, तिच्यावर विश्वास ठेवावा, सुरक्षितता पाहावी, पण निर्णय तिच्यावर लादू नये.

यानंतर कायदेशीर कर्तव्य येते. घटनेचा अहवाल आधी तयार झालेला नाही म्हणून रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. उलट तो विहित नमुन्यात भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावा लागतो. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत स्त्रीला विनामूल्य मिळते. तिचे हक्क व मोफत कायदेविषयक मदत यांची माहिती देणे पोलिसांवरही बंधनकारक आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही.

सीमेच्या अडचणीवर कलम २७ हा उपाय आहे. यवतमाळात सासर असलेली स्त्री आदिलाबादेत माहेरी तात्पुरती राहत असली, तरी तिला येथील दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि त्यावरील आदेश देशभर लागू होतो. अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत ठेवावी व पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत तो निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. म्हणून ‘सासरच्या गावी जाऊन तक्रार करा’ असे सांगून तिला परत पाठविणे चुकीचे ठरते.

रुग्णालयातच आधार देण्याची वाट मुंबईच्या वांद्रे येथील भाभा रुग्णालयातील ‘दिलासा’ केंद्राने दाखविली. आज समुपदेशन, निवारा व कायदेशीर साहाय्यासाठी ‘सखी’ केंद्रे आहेत. १८१ ही महिला हेल्पलाइन असून तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक आहे. हे क्रमांक स्त्रीला तोंडी सांगावेत. घरी सापडेल असा लेखी कागद तिच्या जिवाला धोका ठरू शकतो.