अब्बांचा टेम्पो आणि अठरावा हिस्सा

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी सोडली, इंद्रायणीचा पूल मागे टाकला, की चिंबळीच्या शेजारी आमची कुरुळी लागते. तालुका खेड. पूर्वी गाव सांगताना 'चाकणच्या अलीकडे' असे सांगावे लागे. आता 'मर्सिडीजच्या कारखान्याजवळ' म्हटले की पुरते. १९९५मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात तयार होऊ लागलेली ही जर्मन मोटार २००९मध्ये चाकण औद्योगिक वसाहतीच्या तिसऱ्या टप्प्यात, कुरुळी आणि निघोजेच्या जमिनीवर आली. जिथे कांद्याची वाफे होती तिथून आता मोटारी बाहेर पडतात.

मी त्या कारखान्यात नाही. बी. ए. झालो, भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळले, आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. पण गेली काही वर्षे माझ्या लिहिण्याच्या टेबलावर कागदापेक्षा कानस, चिमटा आणि एम-सीलच्या पुड्याच जास्त असतात. मी छोट्या मोटारी करतो. खेळण्यातल्या नव्हे, प्रमाणात. म्हणजे खऱ्या गाडीचा प्रत्येक भाग मोजून, ठरलेल्या पटीने लहान करून. 'या वयात हे काय?' असे लोक विचारतात. त्याचे उत्तर जरा लांबचे आहे, म्हणून मुळापासून सांगतो.

लहान गाडी करण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या कोणत्याही मुलाने ज्वारीच्या ताटांची बैलगाडी केलेली असते. चिपाड सोलायचे, आतल्या भेंडाला बाभळीचे काटे टोचायचे, की साटा तयार. मोटार हवी असेल तर झिजलेली स्लिपर ब्लेडने गोल कापायची, चार चाके होतात. हडप्पा-मोहेंजोदडोच्या उत्खननात मातीच्या लहान गाड्या निघाल्या. आणि आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४मध्ये जमीन खणताना भरीव ओतीव ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि चौथी वस्तू म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ, त्यावर उभा हाकणारा. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. अभ्यासक त्याचा काळ साधारण चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. तो खेळण्यासाठी केला की पूजेसाठी, याची चर्चा पंडितांनी करावी. मला एवढेच दिसते की कोणा कारागिराने रस्त्यावरचे वाहन नीट न्याहाळले आणि ते लहान करून ठेवले. मूळ रथाचे लाकूड केव्हाच मातीला मिळाले. लहान रथ राहिला.

मोटारीच्या बाबतीत हे काम कारखान्यात गेले ते विसाव्या शतकात. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला फ्रँक हॉर्नबी नावाचा गृहस्थ मेकॅनो आणि खेळण्यातल्या आगगाड्या बनवत असे. आगगाडीच्या स्टेशनाबाहेर ठेवायला मोटारी हव्यात म्हणून त्याने त्या काढल्या, आणि १९३४मध्ये त्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले. संग्राहक ज्याला १:४३ म्हणतात त्या विचित्र प्रमाणाचे मूळही आगगाडीतच आहे. त्या रुळांच्या मापात खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरत. फुटाचे ३०४.८ मिलिमीटर, त्याला सातने भागा, साडेत्रेचाळीस येतात.

दुसरी गोष्ट लंडनची. लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेलच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येत असे. बापाने तिला तेवढा पितळी रोडरोलर करून दिला. त्यातून १९५३मध्ये 'मॅचबॉक्स' मोटारी निघाल्या आणि जगभर गेल्या. एका बापाने मुलीसाठी केलेल्या वस्तूतून एवढा धंदा उभा राहिला. मी मात्र उलट्या दिशेने निघालो होतो, मुलाने बापासाठी करण्याच्या. त्याकडे येतोच.

या मोटारी ओतण्याची रीत आमच्या पट्ट्यात कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. पोलादी डाय, तिच्यात दाबाने सोडलेला वितळलेला धातू, आणि क्षणात बाहेर पडणारा तुकडा. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये दुचाकीचे ॲल्युमिनियमचे भाग असेच निघतात. खेळण्यांसाठी जस्ताचा मिश्रधातू वापरत, कारण तो सुमारे चारशे अंशांतच वितळतो. इंग्लंडमध्ये त्याचे एक व्यापारी नाव 'मझॅक'. आमच्या कानाला ते 'मजाक' ऐकू येते, आणि या धातूने खरोखर एक मजाक केलाही. त्यात शिसे मिसळले गेले तर काही वर्षांनी तो आतून फुगतो, तडकतो आणि भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी मोटारी अशा कपाटात, कोणी हात न लावता, मोडून गेल्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डिंकीच्या जुन्या डाय कोलकात्यात आल्या आणि 'निकी टॉइज' नावाने भारतात मोटारी निघू लागल्या. पुढे १९७९मध्ये लिव्हरपूलचा कारखानाच बंद झाला.

तयार मोटार विकत घेणे वेगळे आणि आपल्या हाताने जोडणे, बदलणे वेगळे. या दुसऱ्या छंदाचे एक मूळ शेतकऱ्याला आवडेल असे आहे. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९४९च्या सुमारास फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्लॅस्टिकची प्रतिकृती केली, ती ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला दाखवावी म्हणून. पुढे तीच सुट्या भागांत, जोडून घ्यायला विकली. अमेरिकेत १९५८मध्ये एएमटी कंपनीने एकाच खोक्यात तीन तऱ्हांचे भाग दिले: गाडी कारखान्यातून निघते तशी जोडा, शर्यतीची करा, किंवा आपल्या मनाने सजवा. त्याआधी, १९३० ते १९६८, जनरल मोटर्सच्या आश्रयाने 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' मुलांच्या स्पर्धा घेई. घरी केलेल्या छोट्या मोटारीवर कॉलेजच्या शिक्षणाची रक्कम मिळे, आणि त्यांतले काही पुढे मोटारींचे आरेखक झाले. मोठी मोटारही आधी मातीचीच होते. संगणक आले तरी नव्या गाडीचे मातीचे मॉडेल आजही करतात, कारण पत्र्यावर उजेड कसा पडेल हे बोटांना आधी कळते.

हे सगळे वाचून, पाहून माझ्या लक्षात एक गोष्ट आली. मॉडेले होतात ती फेरारीची, मर्सिडीजची, फार तर आपल्या ॲम्बेसेडरची आणि रिक्षाची. माझे लहानपण ज्या गाडीच्या हौद्यात गेले, ती मला कोणत्याच दुकानात दिसली नाही. ती गाडी म्हणजे तीनचाकी टेम्पो.

'टेम्पो' हा शब्द आपण मराठीच समजतो. तो मूळचा जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या विडाल अँड झोन कंपनीच्या गाड्यांचा छाप. १९५८मध्ये फिरोदियांनी त्यांच्या सहकार्याने बजाज टेम्पो काढली आणि 'हॅन्सीट' नावाची तीनचाकी इथे बनू लागली. पुढे एकच चाक, त्या चाकाच्या डोक्यावर इंजिन, मागे हौदा. त्या गाडीने असा काही मुलूख काबीज केला की पुढे कोणत्याही कंपनीची मालगाडी टेम्पोच झाली. कंपनीचे नाव २००५मध्ये फोर्स मोटर्स झाले. शब्द मात्र आपल्याकडेच राहिला.

आमचा टेम्पो दोघांच्या मालकीचा होता. अर्धा अब्बांचा, अर्धा गावातल्या एका शेतकरी काकांचा. काचेवर एका बाजूला ७८६, दुसऱ्या बाजूला 'श्री भैरवनाथ प्रसन्न'. चाकणच्या बाजारातून कांदा भरायचा आणि पहाटे पुणे गाठायचे. काका गेले, अब्बा गेले, टेम्पो त्याआधीच भंगारात गेला. काकांची जमीन औद्योगिक पट्ट्यात गेली. उरला एक काळा-पांढरा फोटो. त्यात टेम्पो तीन-चतुर्थांश, आणि त्याच्या पुढच्या चाकाशी उभे अब्बा.

मी ठरवले, हा टेम्पो अठराव्या हिश्श्यात करायचा. पण माप कुठून आणायचे? अम्मी म्हणाली, जुन्या घराच्या चौकटीला त्यांचा माथा बरोबर टेकायचा. चौकट अजून उभी आहे. टेप लावली, साडेपाच फूट भरली. फोटोत अब्बा ५५ मिलिमीटर, चाक २० मिलिमीटर. त्रैराशिक मांडले, चाक दोन फुटांचे आले. त्या हिशेबाने सगळी गाडी कापली. एका जुन्या मेस्त्रींना दाखवली तर ते हसून म्हणाले, "मास्तर, चाक बारीक झालं." चूक नंतर कळली. फोटो काढताना अब्बा गाडीच्या एक पाऊल पुढे, कॅमेऱ्याकडे सरकून उभे होते. म्हणून ते थोडे मोठे दिसतात, आणि त्यांच्या मापाने मोजलेले बाकी सगळे लहान होते. बापाला पट्टी केली की असे होतेच. पुन्हा सगळे कापले.

हौद्याला वायरिंगची प्लॅस्टिक पट्टी, पत्र्याला थंड पेयाच्या डब्याचे ॲल्युमिनियम, स्प्रिंग बॉलपेनातली, आणि चाके? ती पुन्हा झिजलेल्या स्लिपरचीच.

मग अडले रंगावर. अम्मी म्हणे निळा. काकांचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणतो, तो म्हणे हिरवा. "अरे, मी स्वतः धुतलाय तो," दादा म्हणाला. अम्मी म्हणाली, "मी त्याच्यात बसून सासरी आले." दोघे ठाम. फोटोत दोन्ही रंग करडेच. एखाद्या परदेशी मोटारीच्या रंगाचा तक्ता मिळतो, आमच्या टेम्पोचा कुठून मिळणार? दोन महिने तो नुसता प्रायमर मारून टेबलावर पडून होता. कविता अडली की शब्द बदलता येतो. इथे खोटे बोलायची मला हिंमत होईना.

उत्तर भिंगाने दिले. फोटोत दाराच्या कडेला, जिथे हात घासतो तिथे, खवले उडालेले होते. आणि खवल्यांच्या खाली धातूची चमक नव्हती, दुसरा, गडद थर होता. म्हणजे टेम्पो दोनदा रंगवलेला होता. अम्मी लग्न होऊन आली ते पहिल्या रंगात, आणि दादा गाडी धुण्याच्या वयाचा झाला तोवर दुसरा लागलेला. मॉडेल करणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. खालचा रंग वाळला की त्यावर पाण्याने मिठाचे कण चिकटवायचे, वरून दुसरा रंग मारायचा, आणि वाळल्यावर मीठ घासून काढायचे. मीठ होते तिथे खालचा रंग उघडा पडतो. मी निळ्यावर हिरवा मारला. दाराच्या कडेला, हौद्याच्या फळीवर, जिथे जिथे अब्बांचा आणि काकांचा हात रोज लागला असेल तिथे निळा उघडा केला.

शुक्रवारी नमाजानंतर दादाला घरी बोलावले आणि टेम्पो दोघांपुढे ठेवला. दादाने तो उचलून दार पाहिले, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काकूंचं बरोबर होतं." अम्मी म्हणाली, "तुझंपण."

आमच्या घरात दखनी बोलतात. अम्मीने रिकाम्या हौद्यात बोट फिरवले आणि मला विचारले, "और प्याज किधर है रे?"

खरेच, कांद्याशिवाय तो टेम्पो कसला? जुन्या गाळणीचे कापड चहाच्या पाण्यात रंगवले. अम्मीने चष्मा लावून त्याच्या बोटाच्या पेराएवढ्या गोण्या शिवल्या. अठराव्या हिश्श्यात कांदा तीन मिलिमीटरचा होतो. डब्यातले धने त्या मापाला बरोबर बसले. वीस गोण्या झाल्या. एकवीस भरायचो, असे अम्मीचे म्हणणे आहे. दादाला विचारायचे आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)